टीव्हीखालचा लिनक्स पीसी: पडद्यासाठी कुठलं हार्डवेअर घ्यायचं

पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांतून निघालेले ऑफिस पीसी बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडच्या दुकानांत येतात तेव्हा त्यांवर एक चिठ्ठी असते: 'आय७, १६ जीबी रॅम'. होम थिएटरसाठी त्या चिठ्ठीवरून काहीच कळत नाही. चौथ्या पिढीचा आय७ ४के टीव्हीला जोडा आणि फोनवर ४के ६० फ्रेममध्ये काढलेला बारशाचा व्हिडिओ लावा. पंखा घोंघावू लागतो, आवाज पुढं आणि चित्र मागं. शेजारच्या सातव्या पिढीच्या आय३ वर तोच व्हिडिओ लोण्यासारखा सरकतो.

कारण साधं आहे. व्हिडिओ फाइल म्हणजे दाबून बसवलेलं चित्र. ते उलगडायचं काम सीपीयूनं स्वतः केलं तर तो घामाघूम होतो. ग्राफिक्सच्या चिपमध्ये याच कामासाठी डिकोडर नावाचा वेगळा भाग असतो आणि तो चार-दोन वॅटांत हे काम उरकतो. पण चिप बनली तेव्हा जे कोडेक (व्हिडिओ दाबायच्या-उलगडायच्या पद्धती) त्यात घातले, तेवढेच त्याला येतात. नंतर ड्रायव्हर टाकून नवा कोडेक शिकवता येत नाही. म्हणून गेमिंगची ताकद, ग्राफिक्सची रॅम, सीपीयूचे कोअर हे सगळं मागं ठेवायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे: डिकोडर कुठल्या पिढीचा, आणि एचडीएमआय कुठल्या आवृत्तीचं.

घरात बघितलं काय जातं

यादी करायला बसलात तर ती अशी निघते. मराठी नाटकांच्या जुन्या व्हीसीडी: एमपीईजी-१, ३५२ बाय २८८. लग्नाच्या डीव्हीडी: एमपीईजी-२, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (चित्राच्या एकाआड एक ओळी दोन खेपांत येतात असं). गच्चीवरच्या डिशवरून दूरदर्शनचे सह्याद्री आणि चंदना. फोनचे व्हिडिओ, जे हल्ली बऱ्याचदा एचईव्हीसी या कोडेकात असतात. आणि यूट्यूब.

व्हीसीडी-डीव्हीडीची काळजी नको, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा सीपीयूही त्या झोपेत चालवतो. यूट्यूबचं मात्र नीट समजून घ्या. १०८०पी पर्यंत तिथं एच.२६४ हा जुना कोडेक मिळतो. त्याच्या वर, म्हणजे १४४०पी आणि ४के ला, व्हीपी९ किंवा एव्ही१ हे नवे कोडेकच येतात. चालू व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा, कोडेकच्या ओळीत काय चाललंय ते दिसतं. टीव्ही फुल एचडी असेल आणि पीसी जुना असेल तर ब्राउझरमध्ये एच.२६४ च मागणारं एक्स्टेंशन टाकून भागतं, नवं हार्डवेअर घ्यायची गरजच नाही.

पैसे भरून बघायच्या ओटीटीचं आधीच ऐकून ठेवा. लिनक्सच्या ब्राउझरला वाइडव्हाइन या कॉपी रोखणाऱ्या कुलपाची फक्त एल३ ही सगळ्यांत खालची पातळी मिळते, त्यामुळं बऱ्याच सेवा चित्र ७२०पी किंवा त्याहून खाली ठेवतात. कितीही भारी कार्ड घाला, यात फरक पडत नाही. ज्यांचं मुख्य बघणं ओटीटीच आहे त्यांनी टीव्हीतलं ॲप किंवा स्टिक वापरावी. हा पीसी स्वतःच्या फाइली, डिस्क, डिश आणि यूट्यूबसाठी.

इंटेल: मॉडेल नंबर वाचायला शिका

बहुतेक घरांना वेगळं कार्ड लागतच नाही. इंटेलच्या सीपीयूतलं अंगचं ग्राफिक्स लिनक्सवर सगळ्यांत कमी त्रास देतं. फक्त पिढी ओळखायची. आय५-४५७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. आय५-६५०० सहावी, आय३-७१०० सातवी, आय३-१०१०० दहावी.

चौथ्या पिढीला हार्डवेअरमध्ये एच.२६४ येतं, एचईव्हीसी येत नाही. सहावीला (२०१५) ८-बिट एचईव्हीसी येतं, पण ४के एचडीआर, म्हणजे उजेड-रंगांच्या जास्त छटांच्या, फाइली १०-बिट असतात आणि तिथं ती अडते. खरी सीमारेषा सातवी पिढी. १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही पूर्ण हार्डवेअरमध्ये तिथून सुरू होतात. आठवी, नववी, दहावी व्हिडिओच्या बाबतीत तिचीच भावंडं आहेत, जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही. एव्ही१ हवं असेल तर अकरावी किंवा पुढची.

शेवटी 'एफ' अक्षर असेल, जसं १०४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. स्वस्त का मिळतोय याचं उत्तर तेच. 'टी' असेल तर तो ३५ वॅटचा, कमी तापणारा. दिवाणखान्यासाठी मुद्दाम हुडकून घ्यावा असा.

नवंच घ्यायचं तर एन१०० चिपचा छोटा डबा पुरतो. ही २०२३ सालची चिप ६ वॅटची आहे आणि एव्ही१, व्हीपी९, १०-बिट एचईव्हीसी सगळं तिला येतं. मात्र लिनक्सची आवृत्तीही २०२३ नंतरची हवी. जुन्या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) हे ग्राफिक्स ओळखू येत नाही आणि सगळा भार सीपीयूवर पडतो.

अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची रॅम नसते. म्हणून ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या बऱ्या. एन१०० मध्ये एकच चॅनेल असतं, तिथं हा प्रश्न येत नाही.

कार्ड घालायचंच असेल तर

चौथ्या पिढीचा पीसी घरात आहे, कार्ड टाकून भागेल का? भागतं, पण बऱ्याचदा ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होते. कार्डाच्या पैशात सातव्या पिढीचा अख्खा पीसी येतो का, हे आधी बघा.

तरी घ्यायचंच तर सापळे कुठं आहेत ते माहीत हवं. एनव्हिडियाचं जीटी ७१० दुकानात सहज मिळतं आणि 'टीव्हीसाठी बास' म्हणून गळ्यात घातलं जातं. त्याला ना एचईव्हीसी येतं, ना व्हीपी९. शिवाय ते केपलर पिढीचं आहे आणि एनव्हिडियाचा लिनक्स ड्रायव्हर त्याच्यासाठी ४७० या मालिकेवरच थांबलाय. जीटी ७३० नावाखाली तर दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्यात. जीटी १०३० ला १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ येतं, ३० वॅट घेतं, वेगळी वायर लागत नाही, बिनपंख्याचंही मिळतं. पण एव्ही१ नाही, आणि त्याच्या पास्कल पिढीसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका आहे. आमचं मत विचाराल तर फक्त व्हिडिओसाठी लिनक्सवर एनव्हिडियाच्या वाटेला जाऊ नये. बंद ड्रायव्हर, दर कर्नल अपडेटला धाकधूक, आणि ब्राउझरमध्ये डिकोडिंग चालू करायला वेगळा जोड-ड्रायव्हर.

एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो, ही मोठी सोय. रायझन २२००जी, ३२००जी यांना १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ येतं; ५६००जी नवा असला तरी एव्ही१ त्यालाही नाही. कार्डांत आरएक्स ६००० मालिकेला एव्ही१ येतं, पण त्यातलं सगळ्यांत लहान आरएक्स ६४०० आणि त्याचा भाऊ ६५०० एक्सटी यांतून नेमकं तेच काढून टाकलंय. होम थिएटरवाला आकार बघून जे कार्ड उचलतो, तेच नेमकं अपुरं! आणखी एक: एचडीएमआय फोरमनं २०२४ मध्ये एएमडीच्या मुक्त ड्रायव्हरला एचडीएमआय २.१ ची परवानगी नाकारली. एएमडीवर ४के ६० हर्ट्झ धरून चला, १२० च्या मागं लागू नका. सिनेमाला ते लागतही नाही.

इंटेलच्या आर्क ए३१० मध्ये एव्ही१ सकट सगळं आहे आणि लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या, रूपातही ते मिळतं. त्याला कर्नल ६.२ किंवा पुढचा लागतो.

कुठलंही कार्ड घेण्याआधी खोक्याची उंची मोजा. बारक्या ऑफिस पीसीत पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, लो-प्रोफाइलची अर्धी पट्टी लागते, आणि सेकंडहँड कार्डासोबत ती पट्टी बऱ्याचदा नसते.

रास्पबेरी पायचं नाव निघतंच. पाय ५ ला हार्डवेअरमध्ये फक्त एचईव्हीसी येतं, ते ४के ६० पर्यंत. एच.२६४ तो सीपीयूवर चालवतो आणि १०८०पी ला ते जमतं. ४के यूट्यूब मात्र विसरा. त्याचा एक गुण पीसीत नाही: सीईसी. म्हणजे टीव्हीच्याच रिमोटनं तो चालतो. पीसीच्या ग्राफिक्समध्ये ही सोय बहुतेक नसते, त्यासाठी यूएसबी सीईसी ॲडॅप्टर किंवा वेगळा यूएसबी रिमोट घ्यावा लागतो.

पोर्ट: इथं लोक हमखास फसतात

डिकोडर बरोबर निवडला, ४के टीव्हीही आहे, तरी माउसचा बाण अडखळत फिरतो आणि सेटिंगमध्ये ३० हर्ट्झच्या वर काही दिसत नाही. हे एचडीएमआय १.४ चं लक्षण. त्यातून ४के फक्त ३० हर्ट्झनं जातं. ६० साठी २.० लागतं, १८ गिगाबिटचं.

सातवी ते दहावी पिढी ४के ६० चं चित्र आतून देऊ शकते, पण त्यांचं थेट एचडीएमआय १.४ च आहे. मदरबोर्ड बनवणाऱ्यानं वेगळी रूपांतर चिप बसवली असेल तरच २.० मिळतं, आणि ऑफिस पीसीत ती क्वचितच असते. मात्र त्याच पीसीला मागं डिस्प्लेपोर्ट १.२ असतं आणि त्यातून ४के ६० आरामात जातं. म्हणजे उपाय आहे: डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय २.० ॲडॅप्टर. तो 'ॲक्टिव्ह' हवा, पाकिटावर '४के ६० हर्ट्झ' लिहिलेलं हवं. साधा, पॅसिव्ह ॲडॅप्टर दिसायला डिट्टो तसाच असतो आणि पुन्हा ३० वरच आणून सोडतो.

मग टीव्हीची बाजू. पुष्कळ टीव्हींत एचडीएमआयच्या पोर्टला कारखान्यातून आखडूनच ठेवलेलं असतं. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट' अशा नावांखाली ते मोकळं करायचं, तेही ज्या पोर्टला पीसी लावलाय त्याच पोर्टसाठी. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा; पीसीवर आकार कमी-जास्त करत बसू नका, त्यानं चित्र मऊ होतं.

केबल ३ मीटरपर्यंत साधी चालते. ५ मीटरच्या पुढं ४के ६० ला चित्र मधूनच काळं पडणं, पांढरे ठिपके चमकणं सुरू होतं आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो. मंडळाच्या देखाव्याला प्रोजेक्टर दहा मीटरवर टांगायचा असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक पीसीकडं. आणि प्रोजेक्टरच्या खोक्यावरच्या '४के सपोर्ट' वर जाऊ नका, 'नेटिव्ह' रिझोल्यूशन वाचा. ते बऱ्याचदा १२८० बाय ८०० निघतं, आणि मग ४के कार्डाची गरजच संपते.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासा

एका पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न बसवता थेट चालणारी) घ्या. दुसऱ्यावर चार फाइली: ४के १०-बिट एचईव्हीसी, ४के व्हीपी९, एव्ही१, आणि डीव्हीडीतून काढलेला इंटरलेस्ड तुकडा. लाइव्ह लिनक्सवर पीसी चालू करा आणि टर्मिनलमध्ये 'व्हीएइन्फो' (vainfo) ही कमांड द्या (नसेल तर उबुंटू-डेबियनवर त्याच नावानं बसवता येते).

ओळींचा ढीग पडतो. प्रत्येक ओळीत डावीकडं प्रोफाइलचं नाव आणि उजवीकडं एन्ट्रीपॉइंट. उजवीकडं 'व्हीएलडी' असेल तर ती ओळ डिकोडिंगची. 'एनकस्लाइस' असेल तर ती एनकोडिंगची, आपल्या कामाची नाही. घाईत लोक एचईव्हीसी शब्द बघून खूश होतात, पण 'एचईव्हीसी मेन' वेगळं आणि 'एचईव्हीसी मेन१०' वेगळं. आपल्याला मेन१० च्या समोर व्हीएलडी हवं. व्हीपी९ मध्ये 'प्रोफाइल०' ८-बिटचं, 'प्रोफाइल२' १०-बिटचं. एव्ही१ साठी 'एव्ही१ प्रोफाइल०'. ही ओळच नसेल तर ते हार्डवेअरमध्ये नाही, दुकानदार काहीही सांगो.

कमांडनं नुसती चूक दाखवली तर लगेच हार्डवेअरला नावं ठेवू नका, ड्रायव्हर नसेल. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढं 'आयएचडी' ड्रायव्हर, त्याआधी 'आय९६५'. फेडोरा या लिनक्सवर एएमडी असेल तर आणखी एक गंमत: पेटंटच्या भीतीनं २०२२ पासून तिथल्या मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातून एच.२६४ आणि एचईव्हीसी काढून टाकलंय, ते आरपीएम फ्यूजन या वेगळ्या सॉफ्टवेअर-भांडारातून परत घालावं लागतं. चिप चांगली, ड्रायव्हर चालू, तरी ओळ गायब, असं झालं तर आधी हे बघा.

मग फाइली एमपीव्ही या प्लेअरमध्ये लावा. एमपीव्ही आपणहून हार्डवेअर वापरत नाही. चालू असताना कंट्रोल-एच दाबलं की वापरतं, आणि आय दाबलं की 'एचडब्ल्यूडेक' च्या ओळीत दिसतं. खाली किती फ्रेम गळाल्या तेही लिहिलेलं असतं. दोन मिनिटं चालू द्या. आकडा वाढतच राहिला तर व्यवहार थांबवा.

घरी आणल्यावर

फक्त टीव्हीसाठीच पीसी असेल तर लिब्रइलेक ही छोटी लिनक्स बसवा, ती कोडी या मीडिया प्लेअरसकट येते. इंटेल आणि एएमडीला 'जेनेरिक' प्रत, एनव्हिडियाला 'जेनेरिक-लेगसी'. एचडीआर बघायचं असेल तर पहिलीच प्रत हवी, आणि त्यासाठी इंटेल किंवा एएमडीच. कोडीत व्हिडिओ चालू असताना ओ दाबा, डिकोडरच्या नावापुढं 'एचडब्ल्यू' दिसलं पाहिजे.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपली डीव्हीडी आणि दूरदर्शन २५ चं, फोन ३० किंवा ६० चा. सगळं ६० हर्ट्झवर ढकललं तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र धक्के खातं. लोक याला कार्ड कमी पडतंय म्हणतात. कोडीत सेटिंगची पातळी 'एक्स्पर्ट' करा, प्लेअरच्या व्हिडिओ विभागात 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' ला 'ऑन स्टार्ट/स्टॉप' द्या, आणि सिस्टिमच्या डिस्प्ले विभागातल्या 'व्हाइटलिस्ट' मध्ये ३८४० बाय २१६० आणि १९२० बाय १०८० चे २३.९८, २४, ५०, ५९.९४ आणि ६० हे पर्याय खूण करा. ५७६ चे पर्याय घेऊ नका. टीव्हीपेक्षा पीसी चित्र चांगलं मोठं करतो.

डिशसाठी यूएसबी किंवा पीसीआय डीव्हीबी-एस२ ट्यूनर आणि चॅनेल पकडून कोडीला देणारं टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर लागतं; लिनक्सवर चालतो याची खात्री करून मगच ट्यूनर घ्या. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून ९३.५ अंश पूर्वेला आहे, बेळगावातून डिशचं तोंड आग्नेयेला. त्यावरचे एमपीईजी-२ चॅनेल इंटरलेस्ड असतात. क्रिकेटच्या चेंडूमागं किंवा खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीला दातेरी कडा दिसल्या तर डीइंटरलेसिंग, म्हणजे त्या एकाआड एक ओळी जुळवायचं काम, बंद आहे. इंटेलवर कोडीत 'व्हीएएपीआय-एमसीडीआय' निवडा आणि पडदा ५० हर्ट्झवर ठेवा. जुन्या, मंद ग्राफिक्सवर ते अडखळलं तर 'बॉब'.

काळा रंग राखाडी दिसतोय, किंवा अंधारातल्या प्रसंगात नुसता डांबर दिसतोय, तर पीसी आणि टीव्हीची रंगपट्टी जुळत नाहीये. एक ० ते २५५ बोलतोय, दुसरा १६ ते २३५ ऐकतोय. इंटेलवर 'ब्रॉडकास्ट आरजीबी' या पर्यायात 'फुल' किंवा 'लिमिटेड' देऊन टीव्हीच्या 'ब्लॅक लेव्हल' शी जुळवा.

मराठी-कन्नड सबटायटल एमपीव्हीत चौकोन-चौकोन दिसले तर नोटोचे देवनागरी आणि कन्नड फॉन्ट बसवा.

राहिली वीज. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर तो 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडवर बदलाला वेळ लागतो आणि पीसी बंद होऊन चालू होतो. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही पॉवर सप्लाय कुरकुरतात, साइन वेव्ह बरा. टीव्ही, पीसी आणि डिशचा डबा एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या खोल्यांतल्या प्लगवर असले, किंवा तीन पिनांतली अर्थिंगची पिन मोडून लावलेली असली, की एचडीएमआय केबल जोडताना बोटांना झिणझिण्या येतात आणि एक दिवस पोर्ट जातं. पीसी चालतो, आवाज येतो, चित्र नाही, अशी तक्रार असेल तर कधीकधी हेच झालेलं असतं. शोकेसच्या काचेमागं पीसी कोंबू नका, मागं तीन-चार बोटं जागा सोडा. खानापूर, कणकुंबीकडं पावसाळ्यात महिनोन् महिने दमट असतं. तिथं पीसी बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू केलेला बरा, आतलं दमट सुकतं.

आणि वळवाचे ढग भरून येऊ लागले की नुसता स्विच बंद करून भागत नाही. गडगडाट सुरू व्हायच्या आधीच डिशची केबल ट्यूनरमधून पिरगाळून काढा; एकदा गडगडू लागलं की तारेला हात लावू नका. वीज गच्चीवरून त्याच तारेनं खाली येते आणि ट्यूनर, मदरबोर्ड, टीव्हीचं एचडीएमआय असं ओळीनं घेऊन जाते.